डाव्या हाताची गाठ

३ मे

प्रिय मामा,

फोनवर तू दोन मिनिटांत "आवाज नीट येत नाही" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. सोबत लहान मुलांच्या चामडी हातमोज्यांचा एक जोड आहे. हा तुमच्याच गावात शिवलेला आहे. आमची कंपनी तो इथे विकते.

इथे नवा कायदा आला आहे. बाहेरच्या देशात बनवून घेतलेल्या मालाला लहान मुलांचे हात लागले असतील, तर जाब विकणाऱ्या कंपनीने द्यायचा. आजवर "आम्हाला काय माहीत" एवढ्यावर भागत होतं. आता माहीत करून न घेणं हाच दोष. ऑफिसात त्यामुळे धावपळ चालू आहे. साहेबांनी हा जोड माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तू तिकडची ना, तुला कळेल." मला काय कळणार, मामा? शिवणातलं मला एवढंच कळतं की सुई टोचते.

तुमच्याकडचा कारखानदार, तो जाड चष्म्याचा, त्याला तू ओळखत असशील. तो लिहून देतो की शिवणाऱ्या सगळ्या बायका अठराच्या वरच्या आहेत. तू तीस वर्षं चामडं कापलंस. मोजा बघून काही सांगता येतं का? नाही आलं तरी चालेल.

मामीला नमस्कार. धाकटी आठ वर्षांची झाली, आणि तुझ्यासारखीच हट्टी आहे.

तुझी,
ठमी


१९ मे

चि. ठमी,

"नाही आलं तरी चालेल" हे वाक्य तू लिहायला नको होतंस. मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही, पण शाळेत शिकलेले लोक अजून माझ्याकडे चामडं दाखवायला येतात.

तुझा जोड मी दोन दिवस खिडकीशी बसून पाहिला. मामी म्हणाली, "एवढं निरखून माझ्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतंत." असो.

मोजा हाताने शिवलेला आहे, काठावरून दोरा गुंडाळत नेलेला. उजव्या हाताने शिवणारी बाई उजवीकडून डावीकडे जाते. तिचे टाके एका अंगाला कलतात. या जोडाचे सगळे टाके उलट अंगाला कलले आहेत. म्हणजे शिवणारी डावरी.

आता वय. दोरा कुणी पट्टीने मोजत नाही. रीळ नाकाशी धरायचं, दुसरा हात सरळ लांबवायचा, आणि हात संपला की दोरा तोडायचा. ज्याचा हात जेवढा, तेवढा त्याचा दोरा. दोरा संपतो तिथे नवा जोडतात आणि त्या जागी टाका दुहेरी दिसतो. या मापाच्या एका मोज्यात मोठ्या बाईच्या दोऱ्याचे असे पाच सांधे यायला हवेत. मी सात मोजले, दोन्ही मोज्यांत सात. एवढ्या आखूड हाताचं माणूस आठ-नऊ वर्षांचं असतं. टाके इतके बारीक आणि सारखे आहेत की ती किमान दोन वर्षं शिवत असणार.

तेव्हा लिहून घे: एक मूल, बहुतेक मुलगी, वय नऊच्या आसपास, डावरी, हात चांगला. हे सगळं मी बाहेरूनच सांगतो आहे. मोजा उलटा करून आतून बघायची गरजच पडली नाही. शिवाय ही लहान मापं, माझी बोटं आत जातही नाहीत.

तुझ्या साहेबांना सांग की असं सांगणारा माणूस पदवीधारकांत शोधून सापडणार नाही.

तुझा मामा


११ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. म्हणजे मी इथल्या भाषेत उतरवून दिलं. साहेब दोनदा म्हणाले, "हे एका दोऱ्यावरून?" मला अभिमान वाटला, खोटं का सांगू.

कारखानदाराला आम्ही कडक पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आठवड्यात आलं. एका घरी चूक झाली होती, मुलीला कामावरून काढलं आहे, पुढच्या पेट्या कुणीही येऊन तपासाव्यात. कंपनीला वाटतं की ते तपासणारं कुणीतरी तूच व्हावंस, रीतसर, सहीशिक्क्याने. करशील?

ठमी


२ जुलै

चि. ठमी,

केलं. चष्मेवाल्याने स्वतः दारापर्यंत येऊन मला आत नेलं. याच इमारतीत वीस वर्षांपूर्वी मी कापायच्या फळीपाशी उभा राहून काम केलं. त्याच्या वडिलांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं. मुलाने पंख्याखाली खुर्ची दिली, भिंग दिलं, आणि नोकराला सांगितलं, "मास्तरांना हवं ते दाखव."

मी चार पेट्या उघडल्या. प्रत्येकीत अठ्ठेचाळीस जोड. वरचे-वरचे नाही, तळातलेही काढून पाहिले. सगळे टाके उजव्या हाताचे. सगळ्या मोज्यांत दोऱ्याचे पाच सांधे, एकातही सहावा नाही. काही मोज्यांत टाके थोडे ओबडधोबड आहेत. नवी बाई कामाला घेतली असेल, असं मी धरलं आणि तसं लिहिलंही.

सोबत सहीचा कागद आहे: "तपासलेल्या मालात लहान मुलाचा हात आढळला नाही." तारीख आणि वेळ घातली आहे. माझ्या पहिल्या पत्राचा असा परिणाम झाला, हे बरं झालं.

मामी म्हणते, खुर्चीचं तुम्ही तीनदा सांगितलंत. पत्रात एकदाच आलं आहे.

तुझा मामा


९ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझ्या कागदावर साहेब इतके खूश झाले की त्यांनी तो कायदेवाल्यांच्या फायलीत पहिल्या पानावर लावला. विषय संपला.

आज लिहिण्याचं कारण किरकोळ आहे. नव्या मालातला एक जोड मी धाकटीसाठी घरी आणला. थंडीला अजून वेळ आहे, पण तिला दम कुठे. घालून बघितला आणि रडायला लागली, अंगठ्यात काहीतरी टोचतं म्हणून. तिनेच तो आपल्या बोटांनी उलटा केला. मला काही तो करता आला नसता. आत दोऱ्याची एक टणक गाठ निघाली. उलटा मोजा तसाच पाठवते आहे. चांगल्या कारागिराची गाठ टोचते का रे? की नव्या बाईचा दोष?

तुझी,
ठमी


२८ ऑगस्ट

चि. ठमी,

उलटा मोजा मिळाला. पाकीट फोडलं आणि मी तो दहा मिनिटं हातात घेऊन बसलो. मामीने दोनदा चहा गरम केला.

टाके उजव्या हाताचे आहेत. गाठ डाव्या हाताची आहे.

दोरा ज्या हाताने फिरवाल त्या बाजूचा पीळ गाठीला पडतो. या मोज्यात पाच सांध्यांच्या पाच गाठी आहेत आणि पाचही उलट्या पिळाच्या. कुठलीही उजवी बाई अशी गाठ मारत नाही, मारायची म्हटली तरी जमत नाही. मी चार पेट्या बाहेरून तपासल्या. आतून एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवाल्याला न सांगता पेटी पोचवणाऱ्या हातगाडीच्या मागे गेलो. तीन गल्ल्या सोडून एक जिना, वर एकच खोली. दाराशी रिकाम्या पेट्या, कोपऱ्यात मेणाचा गोळा, खिडकीला खाली रंग लावलेली काच, म्हणजे रस्त्यावरून कुणी दिसू नये. एक बाई शिवत होती. तिच्या शेजारी खालच्या चौरंगावर एक मुलगी शिवत होती, उजव्या हाताने. डावा हात मांडीखाली दाबून बसलेली.

बाई म्हणाली, "कोण पाहिजे?"

मी म्हटलं, "मोजे तपासायला आलो."

"ते झालं की तपासून. चष्मेवाले म्हणाले, तिकडचे साहेब खूश आहेत." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "दोऱ्यावरून वय सांगणारे ते तुम्हीच का?"

"हो," मी म्हटलं. खरं लिहितो, ठमे, त्या वेळीही मला जरा बरं वाटलं.

"मग माझं सांगा बरं." तिने एक दोरा माझ्यासमोर धरला. "हल्ली कापूनच येतात, सगळे सारखे, गठ्ठा बांधून. सांगा ना, किती वय झालं माझं?"

मी दोरा परत गठ्ठ्यावर ठेवला. ती म्हणाली, "तिकडून कागद आला होता. त्यात लिहिलं होतं म्हणे, मुलगी डावरी आहे. चष्मेवाल्यांनी मला वाचून दाखवला. म्हणाले, मुलीचा हात बदला, नाहीतर पेटीचं घर बदलेल. पहिले पंधरा दिवस चिंधीने मनगट चौरंगाच्या पायाला बांधलं. मीच बांधलं, दुसरं कोण बांधणार. आता बांधावं लागत नाही. आता तीच दाबून बसते."

मुलगी मान वर न करता म्हणाली, "मुंग्या येतात. मग गाठ मारायला काढते. गाठ त्या हाताने बसते, या हाताने नाही." आणि थोड्या वेळाने, "आता मला दोन्ही हातांनी येतं." हे तिने मला सांगितलं ते मी तुला पंख्याखालच्या खुर्चीचं सांगितलं त्याच आवाजात.

मी आईला विचारलं, "तुम्ही एकट्याच का नाही शिवत?"

"शिवते की. एकटीने पेटी भरायला आठ दिवस लागतात. पेटीवर पाच दिवसांची तारीख असते. तारीख चुकली की पुढची पेटी दुसऱ्या घरी जाते. आठ घ्या म्हणून तीनदा जाऊन आले. चष्मेवाले म्हणतात, तारीख मी घालत नाही, ती वरून येते."

मी पेटी पाहिली. त्यांचं म्हणणं खरं आहे. तारखेचा कागद तुमच्या कंपनीचा, तुमच्याकडे छापलेला.

आता तीन गोष्टी. एक, सोबत दुसरा सहीचा कागद आहे: माझा दोन जुलैचा कागद चुकीचा होता, मी आतून पाहिलं नव्हतं. तो पहिल्या पानावर लाव. दोन, माझं पत्र त्या चष्मेवाल्याच्या हातात कसं गेलं? तीन, पेटीवरची तारीख तुमच्याकडे कोण घालतं?

मामा


२० सप्टेंबर

प्रिय मामा,

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. मी.

कडक पत्र मी लिहिलं, आणि आमच्याकडे पुरावा आहे हे दाखवायला तुझं पत्र शब्दन् शब्द जोडलं. डावरी, सात सांधे, सगळं. तेव्हा वाटलं, असा मामा असल्यावर लपवायचं कशाला.

तारीखही मीच घालते. वर्षभरापूर्वी थंडी लवकर पडली आणि दुकानांत मोजे कमी पडले. साहेब म्हणाले, माल लवकर यायला हवा. मी तक्ता उघडला आणि आठच्या जागी पाच लिहिले. एक आकडा बदलायला किती वेळ लागतो? विचारलं नाही कुणी, मीही नाही. तुझ्या पहिल्या पत्रात मुलीबद्दल वाचलं तेव्हाही मला ते पाच आठवले नाहीत. शप्पथ. तू पेटीचं लिहिलंस तेव्हा आठवले.

तुझा दुसरा कागद मी साहेबांपुढे ठेवला. त्यांचं पहिलं वाक्य: "मग त्या गावातून मालच नको." वकिलांचंही तेच मत. तिथून माल घेणं बंद केलं की आम्ही कायद्याने स्वच्छ. दुसऱ्या देशातून घेऊ, तिथे कुणी मामा नाही.

मी विचारलं, "आणि ती मुलगी?" वकील म्हणाला, "ती मग आपली जबाबदारी राहत नाही." मी म्हटलं, "आपण पाच दिवस लिहिले म्हणून ती चौरंगावर बसली. आपण निघून गेलो तर ती उठणार नाही. फक्त आपल्याला दिसणार नाही." हे मी शांतपणे म्हटलं असं मला वाटत होतं. शेजारच्या खोलीतले लोक वेगळं सांगतात.

सव्वा महिना बैठका चालतील असं दिसतं. माझ्याकडे एकच धागा आहे. तुझा दुसरा कागद आता फायलीत नोंदला गेला आहे. तो असताना नुसतं निघून जाणं नव्या कायद्यात बसतं का, यावर वकिलालाच खात्री नाही.

मामा, तुला राग आला असेल तर तसं लिही. आडून नको.

ठमी


७ ऑक्टोबर

चि. ठमी,

राग आला होता. दोन दिवस पत्र लिहिलं नाही. मग मामी म्हणाली, "तिने आकडा बदलला, तुम्ही मोजा उलटा केला नाहीत. बसा आता दोघं एका बाकावर." मी बसलो आहे.

तुझ्या बैठकीसाठी हे घे. एका बाईने, अठ्ठेचाळीस जोडांची पेटी, घाई न करता, दिवसाउजेडी: आठ दिवस. मी त्या खोलीत बसून मोजलं. बाईने मला पाणीसुद्धा विचारलं नाही आणि बरोबर केलं. आणि आठ दिवसांत एकटीच्या हाताला तेवढेच पैसे मिळायला हवेत, जेवढे तेवढ्याच दिवसांत दोघींच्या हातांना मिळत होते, म्हणजे पेटीचा दर वाढायला हवा. यातला एकच अर्धा केलात तर मुलगी चौरंगावरच राहील. हे तुझ्या साहेबांना समजावता येत नसेल तर मला बोलाव, मी बोटांवर करून दाखवीन.

आणि एक अट. या वेळी माझं पत्र चष्मेवाल्याला दाखवू नकोस.

मामा


१४ डिसेंबर

प्रिय मामा,

तुझी बोटं लागली नाहीत. पहिल्या जानेवारीपासून पेटीवर आठ दिवसांची तारीख येईल, आणि तू सांगितलंस तो दुसरा अर्धाही मान्य झाला. वर्षभरासाठी. वर्षानंतरचं वर्षानंतर. दुकानात जोड आतापासूनच थोडा महाग केला आहे. साहेब म्हणतात, गिऱ्हाईक बोंबलेल. अजून तरी कुणी बोंबललं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तपासणीला तूच हवास. या वेळी आतून.

ठमी


२६ फेब्रुवारी

चि. ठमी,

लहान मापाचे मोजे उलटे करायला मी लाकडी काडी तासून घेतली आहे. पुढे बोथट, मागे जाड. दिवसात दीड पेटी होते. खुर्ची घेत नाही, उभ्यानेच करतो. चष्मेवाला आता मला मास्तर म्हणत नाही.

डावरी सकाळी शाळेत जाते. मी तिथे जाऊन आलो. ती पेन्सिल उजव्या हातात धरून बसली होती. मी शाळेच्या बाईंना म्हटलं, "ती डावरी आहे, तिला डाव्या हाताने लिहू द्या." बाई म्हणाल्या, "आम्ही कुठे अडवलं? ती आपणहून धरते." मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "या हाताने लिहिलं की कुणी काही म्हणत नाही."

आता जे लिहायचं आहे ते. कालच्या पेटीत सदतीस ते पंचेचाळीस असे नऊ जोड निघाले, त्यांच्या गाठी डाव्या आहेत. मी जिना चढून गेलो. आईला पाच दिवस ताप होता. अजूनही आवाज बसलेला आहे. शाळेतून आल्यावर मुलीने नऊ जोड पुरे केले. आईने लपवलं नाही. म्हणाली, "तारखेला ताप कळतो का?"

नियमाने हे मी कळवायला हवं, आणि कळवलं तर तुमच्या नियमाने ऑर्डर बंद होईल. न कळवलं तर मी पुन्हा दोन जुलैचा माणूस होईन. मी कळवतो आहे. मोजे अर्धे उलटे ठेवले आहेत. पुढचं तुझ्याकडे.

मामा


१७ जून

प्रिय मामा,

एवढा उशीर का झाला ते सांगते.

साहेबांनी तुझं पत्र वाचलं आणि विचारलं, "बंद करायचं?" मी म्हटलं, "गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः सहा दिवस तापाने झोपला होतात. तुमचं काम तुमच्या मुलाने केलं नाही, आणि ऑफिस बंद केलं नाही कुणी." त्यांनी तुझं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "तिकडे अशा वेळी काय करतात?" मी म्हटलं, "काही करत नाहीत. तारीख आपली असते."

आता पेटीवर तारखेखाली एक ओळ छापली जाते: शिवणारी आजारी असल्यास तारीख पुढे जाईल, पेटी त्याच घरी राहील, आजाराच्या दिवसांचे पैसे कंपनीकडे. एवढी ओळ ठरवायला साडेतीन महिने लागले. या काळात त्या बाईला पुन्हा ताप आला असेल, तर मधल्या पेट्यांत डाव्या गाठी असतील. सापडल्या तर लिही. मी इकडे पुढे ठेवीन.

मीही आता इथे आलेल्या मालातले काही जोड आतून बघते. तू काडी तासलीस, मला ते सुचलं नाही. काल पेटी घरी आणली. माझी बोटं आत जाईनात म्हणून धाकटीला बसवलं. तिची बोटं बरोबर जातात. बारा जोड तिने भराभरा उलटे करून दिले, मी गाठी पाहिल्या आणि तिला शाबासकीही दिली.

तेराव्या जोडाला ती म्हणाली, "कंटाळा आला," आणि खेळायला निघून गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

तेरावा मोजा अजून टेबलावर अर्धा उलटा पडला आहे. काडी पाठव.

तुझी,
ठमी